ब्रुनो क्रेमेर (टीव्हीवरचा मेग्रे): नाटकातला नट चौदा वर्षं एकच भूमिका कशी करतो?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. मी पुण्यात गेली सोळा वर्षं प्रायोगिक नाटकं करतोय. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम, वर्षाकाठी जमतील तेवढे प्रयोग. गेल्या महिन्यात एका मालिकेसाठी विचारणा झाली. पोलीस इन्स्पेक्टरची भूमिका आहे, मोठी आहे, दोन वर्षं तरी चालेल असं म्हणतात. ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा एक जण पटकन म्हणाला, "गेलास म्हणजे संपलास." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

आता मूळ विषय. रविवारी सकाळी मी फ्रेंचच्या क्लासला जातो, बी-वन ही मधली पातळी चालू आहे. कान तयार व्हावा म्हणून सरांनी 'मेग्रे' या फ्रेंच पोलीस तपासाच्या मालिकेचे जुने एपिसोड बघायला सांगितले, ब्रुनो क्रेमेर नावाच्या नटाचे. आत्तापर्यंत तीन बघितले. निम्मी भाषा डोक्यावरून गेली, पण त्या माणसावरून नजर हटत नाही. जाडजूड ओव्हरकोट, हॅट, पाइप. खोलीत येतो, बसतो, समोरचा बोलत राहतो. वाक्यं म्हणाल तर मोजकी. तरी सीन त्याचाच असतो.

हा माणूस मुळात नाटकातला आहे का? असला तर टीव्हीकडे कसा आणि कधी गेला? आणि चौदा वर्षं एकच भूमिका करून नट म्हणून त्याचं काय झालं? फ्रेंचमध्ये नेटवर बरंच काही दिसतंय, पण माझी मजल अजून तिथवर गेलेली नाही.

---

लॉ_कॉलेज_रोड

क्रेमेर मला आधी सिनेमातून भेटले. फ्रीडकिन या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'सॉर्सरर' (१९७७) मिळाला तर बघा. नायट्रोग्लिसरीन भरलेले दोन ट्रक जंगलातून न्यायचे असतात आणि ते नेणारे चौघे चार देशांतून पळून आलेले असतात. त्यातला घोटाळ्यात अडकलेला पॅरिसचा बँकर म्हणजे क्रेमेर. पावसात दोरखंडाच्या पुलावरून ट्रक नेतात तो भाग मी मित्राच्या घरी प्रोजेक्टर लावून बघितला, हाताला घाम सुटला होता. सिनेमा तेव्हा पडला, कारण महिनाभर आधीच 'स्टार वॉर्स' लागला होता आणि सगळी गर्दी तिकडे होती. आज मात्र जाणकार त्याला फार मानतात.

नाटकातलं मला ठाऊक नाही. रानडेतला_बाक ताई या धाग्यावर आल्या तर त्या सांगतील.

---

रानडेतला_बाक

आले. हा धागा सकाळीच बघितला होता, पण घाईत लिहायचा विषय नव्हे हा, म्हणून स्वयंपाक उरकून बसले.

नवीन मंडळींसाठी: मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले आणि पुढे बत्तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. त्याआधी आणि त्याच काळात भरत नाट्य मंदिरात नाटकं केली, बहुतेक दुय्यम भूमिका. म्हणून क्रेमेरबद्दल दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटतं.

तर, होय. हा माणूस मुळातून नाटकातला. जन्म १९२९चा, पॅरिसला लागूनच असलेल्या सँ-माँदेचा. पॅरिसच्या सरकारी नाट्यविद्यालयात, म्हणजे कोन्सर्व्हात्वारमध्ये शिकला. त्या वर्गांची नावं वाचली तर डोळे विस्फारतात: जाँ-पॉल बेलमाँदो, जाँ रोशफोर, जाँ-पियेर मारिएल, क्लोद रिश. सगळे मित्र, जन्मभराचे. यातले बरेच जण लवकर सिनेमात चमकले. बेलमाँदो तर १९६० साली फ्रान्सभर झाला. क्रेमेर मात्र दहाएक वर्षं मुख्यतः रंगमंचावरच होते. शेक्सपिअर केला, ऑस्कर वाइल्ड केला, आनुई हा फ्रेंच नाटककार केला.

आता हे नाव आलं म्हणून थांबते, कारण मराठी नाटकवाल्याला इथे धागा सापडेल. ऑक्टोबर १९५९ मध्ये पॅरिसच्या मोंपार्नास थिएटरात जाँ आनुईच्या 'बेकेट'चा पहिला प्रयोग झाला. त्यातला बेकेट ब्रुनो क्रेमेर यांनी केला. नुकतीच तिशी गाठलेली. राजाच्या भूमिकेत दान्येल इव्हेर्नेल होते. पुढे १९६४ साली याच नाटकावर इंग्रजी सिनेमा झाला, त्यात रिचर्ड बर्टन आणि पीटर ओटूल, तो बऱ्याच जणांना माहीत असतो. पण ती भूमिका जगात पहिल्यांदा उभी केली ती तुमच्या या ओव्हरकोटवाल्या माणसानं. आणि हेच नाटक आपल्या शिरवाडकरांनी मराठीत आणलं.

तिसरी_घंटा, तुम्ही ते वाचलं नसेल तर आधी वाचा. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आपल्या जिवलग मित्राला, बेकेटला, कँटरबरीचा आर्चबिशप करतो. हा आपलाच माणूस, चर्च आता आपल्या मुठीत राहील असा त्याचा हिशोब. आणि बेकेट ते पद खरोखर निभावायला लागतो. राजा नाटकभर बोलतो, चिडतो, लाडात येतो, रडतो. बेकेट ऐकतो. त्याला पल्लेदार वाक्यं आहेत, नाही असं नाही, पण खरी कसोटी आहे ती राजा बोलत असताना त्यानं नुसतं उभं राहायचं तिथे. मन बदलतंय, मैत्री तुटतेय, आणि तोंडी वाक्य नाही. हे ज्यानं रात्रीमागून रात्री केलं त्याला साक्षीदाराच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून समोरच्याचं ऐकणं काय जड जाणार? तुम्हाला जे दिसतंय ना, "काही करत नाही तरी सीन त्याचाच", ते तिथून आलंय असं मी मानते.

आता टीव्हीकडे. नाटकातून उठले आणि थेट मालिकेत बसले असं झालेलं नाही. मध्ये पंचवीस वर्षांचा सिनेमा आहे. १९६५ मध्ये पियेर शोंदोर्फेरचा 'ला त्र्वासां-दिसेत्येम सेक्सियों' आला, म्हणजे ३१७वी तुकडी. इंडोचायनातलं युद्ध, १९५४ साल, जंगलातून माघार घेणारी एक लहान तुकडी. दिग्दर्शक स्वतः लष्कराचा कॅमेरामन म्हणून त्या युद्धातल्या दिएन बिएन फूच्या लढाईत होता आणि तिथे कैद झाला होता, त्यामुळे त्यात खोटं काही नाही. क्रेमेर त्यात जुनाजाणता सैनिक आहेत, नव्या पोरसवदा अधिकाऱ्याला सांभाळून नेणारा. या सिनेमानं त्यांना नाव दिलं आणि बराच काळ लोक त्यांना वर्दीतच बघत राहिले. मग विस्कोंती, सोते अशा दिग्दर्शकांकडे काम केलं, फ्रीडकिनकडे केलं, ते वर आलंच आहे.

मेग्रे आला १९९१ मध्ये. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. २००५ पर्यंत ५४ एपिसोड, प्रत्येक साधारण दीड तासाचा. आणि भूमिका काही मोकळी पडलेली नव्हती हो! सिमेनाँनं मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या लिहिल्या. मूळचा बेल्जियमचा, लिएजचा माणूस, पण पॅरिसचा पाऊस त्याच्याइतका कुणी लिहिला नसेल. १९३२ मध्ये पियेर र्‍‌नुआरनं पडद्यावर पहिला मेग्रे केला, दिग्दर्शक होता त्याचाच भाऊ जाँ. मग जाँ गाबँनं तीन सिनेमे केले. आणि टीव्हीवर १९६७ ते १९९० अशी तेवीस वर्षं जाँ रिशार मेग्रे होते, ८८ एपिसोड! हे रिशार विनोदी नट, स्वतःच्या मालकीची सर्कस चालवायचे. फ्रान्समधल्या दोन पिढ्यांसाठी मेग्रे म्हणजे रिशार. ते थांबले आणि पुढच्याच वर्षी त्या खुर्चीवर क्रेमेर बसले. आपल्याकडे एखाद्या गाजलेल्या नाटकात मूळ नटाच्या जागी उभं राहणाऱ्याची काय गत होते ते तुम्ही जाणता.

कसं पेललं? मी माझ्या घरातलं सांगते.

२००३-०४च्या सुमारास आमच्या केबलवर टीव्ही फाइव्ह हा फ्रेंच चॅनेल दिसायचा आणि त्यावर रात्री मेग्रे लागायचा. मी शिकवण्यासाठी म्हणून बघायचे, वही घेऊन, बोलीतले शब्द टिपत. माझे सासरे तेव्हा ऐंशीच्या घरात. पोस्टातून निवृत्त झालेले, फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. पण रात्री झोप नसायची म्हणून माझ्या शेजारी आरामखुर्चीत येऊन बसायचे. तिसऱ्या-चौथ्या रात्री एक बाई पडद्यावर घडाघडा बोलत होती, मी माझ्या वहीत, आणि सासरे म्हणाले, "ही खोटं बोलतीय." मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाले, "त्याला कळलंय ना."

मी वही बाजूला ठेवली आणि बघायला लागले. क्रेमेर पाइपात अंगठ्यानं तंबाखू दाबत होते. बाई बोलत होती तोवर अंगठा हलत होता. एका वाक्याला तो थांबला. मान वर नाही, भुवई नाही, काही नाही. अंगठा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. एवढंच. माझ्या सासऱ्यांनी एवढ्यावर ओळखलं होतं. त्यानंतर आम्ही मिळून कितीतरी एपिसोड बघितले, मी भाषांतर करायला गेले की ते हातानं थांबवायचे.

हे मला इतकं भिडलं त्याला कारण आहे. भरतमध्ये मी एका एकांकिकेत थोरल्या बहिणीचं काम करत होते. सगळी भावंडं भांडतात आणि ही कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. वीस मिनिटांत मला चार वाक्यं. तालमीला मी रिकाम्या ताटलीत बोटं फिरवायचे आणि माझं वाक्य कधी येतंय याची वाट बघायचे. आमचे दिग्दर्शक तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी अर्धा किलो तांदूळ घेऊन आले, त्यात मूठभर बारीक खडे कालवले आणि म्हणाले, "आज सगळे खडे निघाले पाहिजेत." मी चिडून खरंच निवडायला बसले. आणि काय सांगू, हात खऱ्या कामात गुंतल्याबरोबर कान मोकळे झाले. भावाचं वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं, महिनाभर तालीम चालू असून! एका वाक्याला माझा हात आपोआप थांबला. दिग्दर्शक विंगेतून ओरडले, "हेच! हे आता विसरू नकोस."

क्रेमेरचा अंगठा बघताना मला ते तांदूळ आठवले. नाटकात आपण ज्याला हातांना बिझनेस देणं म्हणतो, तेच. फक्त भरतच्या शेवटच्या रांगेला माझा थांबलेला हात दिसायचा तर पूर्ण कोपर थांबवावं लागायचं, आणि कॅमेऱ्याला अंगठा पुरतो. टीव्हीनं त्यांच्याकडून काही काढून घेतलं असेल, पण हे मात्र दिलं.

"संपलास" म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला एवढंच सांगा की २०००मध्ये, मेग्रे चालू असतानाच, फ्रान्स्वा ओझाँ या दिग्दर्शकानं त्यांना 'सू ल साब्ल' या सिनेमात घेतलं. नवराबायको सुट्टीला समुद्रकाठी जातात, बायको वाळूत डोळे मिटून पडते, नवरा पोहायला जातो आणि परत येत नाही. बायको शार्लट रँपलिंग, नवरा क्रेमेर. सुरुवातीला थोडा वेळ दिसतात, अगदी कमी बोलतात, आणि पुढे सिनेमाभर ते नसणं जाणवत राहतं. नऊ वर्षं एकाच ओव्हरकोटात काढलेल्या नटानं ते केलं.

फार लांबलं. पण निम्मंच सांगितलं असतं तर झोप लागली नसती.

---

लॉ_कॉलेज_रोड

ताई, बेकेटचं मला अजिबात माहीत नव्हतं. इतकी वर्षं बर्टनचा बेकेट मूळ समजून बसलो होतो.

---

कॉल_टाइम_सात

ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. तांदळाची गोष्ट तर मनात राहील. पण धागाकर्त्याला व्यवहाराचं कुणीतरी सांगायला हवं. मी गेली सात वर्षं मालिकांमध्ये काम करतोय, पुण्याहून जाऊन-येऊन सुरू केलं, आता मुंबईतच असतो.

क्रेमेरनी चौदा वर्षांत ५४ एपिसोड केले. म्हणजे वर्षाला चार धरा. आपली मालिका आठवड्याला सहा दिवस लागते. ५४ एपिसोड नऊ आठवड्यांत होतात. त्यांचा एपिसोड दीड तासाचा आणि आपला वीस-बावीस मिनिटांचा, तरी हिशोब करून बघा. कामाची जात वेगळी आहे. सीनचे कागद बऱ्याचदा मेकअप चालू असताना हातात येतात. एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेला साठा, संपलेली असेल तर सकाळी शूट केलेलं दुसऱ्या दिवशी रात्री लागतं. पाइपात तंबाखू दाबायला वेळ कोण देणार? तुम्ही गप्प बसून ऐकत असाल तर तुमच्यावर तीन बाजूंनी कॅमेरा फिरतो, वर संगीत, आणि एडिटमध्ये तुमचं ऐकणं उडतं.

एका निर्मितीत (नाव घेत नाही) मला सांगितलं होतं की नाटकाच्या तारखा सांभाळून घेऊ. पहिल्या दीड महिन्यात माझे दोन प्रयोग रद्द झाले. दुसऱ्याला मंडळी थिएटरवर पोचली होती, सेट लागला होता, मी लोणावळ्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये. सहकलाकारांची तोंडं अजून आठवतात. तोंडी शब्दावर विसंबलो, ही चूक झाली. तेव्हा भूमिका घ्या, घेऊ नका म्हणत नाही. पैसा लागतो, मलाही लागला, आईचं ऑपरेशन त्यातूनच झालं. पण महिन्यातले किती दिवस आणि कोणते, हे करारात लिहून घ्या. सही करण्याआधी.

---

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी तालमीला मोठ्यानं वाचून दाखवला. "संपलास" म्हणणारा मित्रही होता. तो काही बोलला नाही, पण जाताना त्यानं विचारलं की ते एपिसोड कुठे बघायला मिळतात.

कॉल_टाइम_सात, तुमचा नऊ आठवड्यांचा हिशोब डोळे उघडणारा आहे. मी हे असं मांडूनच बघितलं नव्हतं. दिवस लिहून मागतो.

ताई, दोन छोट्या शंका. मेग्रेची जी गल्ली-बोळं दिसतात ती पॅरिसचीच का? सगळं इतकं जुनं कसं राखलंय? आणि शेवटचा म्हणून जो एपिसोड मिळाला त्यात त्यांचा आवाज मला वेगळा वाटला. कान माझा कच्चा असेल.

---

रानडेतला_बाक

कान अजिबात कच्चा नाही, उलट सरांना सांगा हे. तो आवाज त्यांचा नाहीच. २००५चा शेवटचा एपिसोड झाला तेव्हा आजारपणामुळे त्यांचा आवाज साथ देत नव्हता, म्हणून दुसऱ्या नटानं डबिंग केलं. मी तो एपिसोड एकदाच बघितला. चेहरा तोच, हात तेच, आणि ओठांमधून परका आवाज. नाटकात सुरुवात केलेल्या माणसाचा आवाजच जावा! मला ते बघवलं नाही आणि तरी मी शेवटपर्यंत बघितलं, कारण ऐकताना ते तसेच होते. ऐकायला आवाज लागत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये गेले, ऐंशी वर्षांचे होते. मोंपार्नासच्या दफनभूमीत आहेत, ज्या भागात बेकेट केला त्याच भागात.

रस्त्यांचं म्हणाल तर बरेच एपिसोड प्रागमध्ये चित्रित झालेत. मालिका पन्नासच्या दशकातली दाखवायची होती आणि पॅरिसमध्ये तो काळ उभा करणं अवघड. प्रागच्या जुन्या भागात फरसबंदी आणि दिवे तसेच मिळाले. पॅरिसला जाऊन आलेल्या माझ्या विद्यार्थिनी म्हणायच्या, "मॅडम, तो मेग्रेचा रस्ता सापडला नाही." सापडणार कसा!

कॉल_टाइम_सात, तुमचं म्हणणं मला पटलं, अगदी पूर्ण. वर्षाला चार आणि आठवड्याला सहा यात जो फरक आहे तो मी लिहायला हवा होता. क्रेमेरना पाइप भरायला वेळ मिळाला तो कुणीतरी दिला म्हणून मिळाला. तुमच्या सेटवर तो मिळत नाही हा तुमचा दोष नव्हे. तरी एक विचारते, भांडायला नव्हे, खरंच जाणून घ्यायला: एडिटमध्ये तुमचं ऐकणं उडतं, पण समोरच्या नटाला ते मिळतं ना? त्याचं वाक्य बरं पडत असेल की.

---

कॉल_टाइम_सात

ताई, पडतं. परवाच एक नवीन मुलगी होती, बावीसची असेल, रडण्याचा सीन. तिचा क्लोजअप चालू असताना मला कॅमेऱ्याबाहेर उभं राहायचं कारण नव्हतं, असिस्टंट क्यू देतो, आम्ही तेवढ्यात चहा घेऊन येतो. तुमचं वाचलं होतं म्हणून थांबलो. तिनं पहिल्या टेकला केलं. नंतर येऊन पाया पडायला लागली, मीच अवघडलो.

---

रानडेतला_बाक

वाचून फार बरं वाटलं.

तिसरी_घंटा, शिरवाडकरांचं 'बेकेट' दुकानात चटकन मिळेल असं नाही. माझ्याकडे प्रत आहे, पानं सुटलीत, मी सुतळीनं बांधून ठेवलीय. राजाच्या वाक्यांना माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत, त्या पुसू नका. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. शनिवारी पाचनंतर घरी असते.

---

तिसरी_घंटा

शनिवारी साडेपाचला येतो ताई. प्लास्टिकचं फोल्डर घेऊन येईन.

मालिकेला अजून उत्तर दिलेलं नाही. महिन्यातले दहा दिवस नाटकासाठी मोकळे, त्यात सगळे शनिवार-रविवार, लेखी मागितलेत. त्यांचा फोन आला होता, म्हणाले विचारून कळवतो.